ड्रायव्हर ‘ओपन’ म्हणजे नेमका कुठपर्यंत? नूवोकडे संशोधनाच्या नजरेतून

गेल्या महिन्यात पीएचडी प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. रेडिओ सिग्नलवरची आकडेमोड ग्राफिक्स कार्डावर कशी करायची, असा विषय. मांडणी चांगली होती, पण एका वाक्याशी मी थांबले: ‘या कामात वापरलेली सर्व साधने ओपन सोर्स आहेत.’ फोनच लावला.

“कार्ड कुठलं आहे?”

“एन्व्हिडियाचं.”

“आणि ड्रायव्हर?”

“ताई, तो २०२२ पासून ओपन झालाय ना!”

हा लेख त्या ‘ना’बद्दल आहे. आपण सगळेच असं लिहितो. मी स्वतः पहिल्या पेपरमध्ये लिहिलं होतं, म्हणून त्याला हसायचा हक्क मला नाही.

आधी थोडं बेसिक. ड्रायव्हर म्हटलं की एखादी फाईल डोळ्यासमोर येते, पण ते मजल्यांचं घर आहे. वरच्या मजल्यावर तुमचा प्रोग्राम कार्डाला कळेल अशा भाषेत आणणारा कंपायलर आणि लायब्ररी. लिनक्समधल्या ओपन ड्रायव्हरांसाठी हा मजला बहुतेक वेळा ‘मेसा’ या प्रकल्पात असतो. ब्रायन पॉलने तो १९९३ मध्ये सुरू केला. मधल्या मजल्यावर कर्नलमधला भाग: कार्डाची मेमरी कुणाला द्यायची, कामं कुठल्या रांगेत लावायची, कार्ड अडकलं तर काय करायचं. आणि तळघरात फर्मवेअर, म्हणजे कार्डातल्याच छोट्या प्रोसेसरांवर चालणारा कोड. ‘ड्रायव्हर ओपन आहे’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कुठला मजला?

मी जुन्नरची. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकातला नाही, नारायणगावच्या पलीकडे शेतांमध्ये उभा आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. सुधारित जीएमआरटीमध्ये एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा घेता येतो. आता हिशोब करून बघा: ४०० मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने, प्रत्येक अँटेनाचे दोन ध्रुवीकरणांचे दोन प्रवाह, म्हणजे एकूण ६० प्रवाह. सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. त्यानंतर ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या, प्रत्येक जोडीचा गुणाकार, आणि हे सगळं निरीक्षण चालू असतानाच. हे काम तिथे एफपीजीए आणि ग्राफिक्स कार्डं मिळून करतात. एफपीजीए सिग्नलचे आकडे करून पॅकेट पाठवतात, जड गणित एन्व्हिडियाच्या कार्डांवर होतं. त्याआधी २०१० च्या सुमारास तिथे बाजारात मिळणारे सुटे भाग आणि लिनक्सचा क्लस्टर वापरून सॉफ्टवेअर बॅकएंड उभा केला होता, त्याचा पेपर जरूर वाचा. ग्राफिक्स कार्डावर जाण्याचा निर्णय मला चूक वाटत नाही. तेव्हा वैज्ञानिक गणितासाठी दुसरं परिपक्व साधन जवळपास नव्हतंच. पण आपल्या तालुक्यातलं इतकं मोठं विज्ञान ज्या थरावर उभं आहे त्या थरात डोकावता येतं का, हे विचारायला हरकत नसावी.

डोकावायचा सगळ्यात चिवट प्रयत्न म्हणजे नूवो. फ्रेंचमध्ये ‘नवा’. एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी, एन्व्हिडियाच्या मदतीशिवाय लिहिलेला ओपन ड्रायव्हर. स्टेफान मार्शेसँने २००५ च्या सुमारास काम सुरू केलं आणि २०१० मध्ये ते लिनक्स २.६.३३ मध्ये आलं. (लिनस टोरवाल्ड्सचा २०१२ चा तो बोट दाखवतानाचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. त्यावर खूप बोलून झालंय.) त्याआधी एन्व्हिडियाचा स्वतःचा ‘एनव्ही’ नावाचा साधा ड्रायव्हर होता आणि त्याचा सोर्स कोड मिळायचा. पण तो मुद्दाम कळू नये असा केलेला, नुसते आकडे, नावं नाहीत. दिसणारा कोड आणि कळणारा कोड वेगळे असतात, हे तिथपासूनच लक्षात ठेवा.

नूवोवाल्यांची पद्धत मला संशोधन म्हणून फार आवडते. ‘रिनूवो’ नावाचं त्यांचं साधन एक छोटंसं चित्र काढायला सांगायचं, बंद ड्रायव्हरने कार्डाला पाठवलेल्या आज्ञा उतरवून घ्यायचं, मग चित्रात एकच गोष्ट बदलून पुन्हा तेच. दोन नोंदींमध्ये काय वेगळं झालं ते बघायचं. जगभरातल्या लोकांनी आपापल्या कार्डांवर हे चालवून नोंदी पाठवल्या. दुसरं साधन एमएमआयओट्रेस. ते याच प्रकल्पाच्या गरजेतून आलं आणि २००८ मध्ये कर्नलमध्ये सामील झालं. त्याची युक्ती भारी आहे. कार्डाच्या रजिस्टरांपर्यंत नेणारी मेमरीची पानं हे साधन ‘गैरहजर’ म्हणून दाखवतं. बंद ड्रायव्हर तिथे लिहायला गेला की पेज फॉल्ट होतो, कर्नल मध्ये येतो, कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं याची नोंद करतो, तेवढी एक सूचना पार पडू देतो, आणि पान पुन्हा गैरहजर. चोराला दार उघडू द्यायचं, पण प्रत्येक वेळी वहीत सही करून.

हे वाचताना मला लेण्याद्री आठवते. आपण तिथे गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो, ते सातवं लेणं. शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, ब्राह्मीतला एक छोटा लेख आहे: कल्याणच्या सुलसदत नावाच्या माणसाने हे चैत्यगृह दान दिलं, एवढंच. लहानपणी आम्हाला त्या नुसत्या रेघा वाटायच्या. दोनशे वर्षांपूर्वी तर त्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपला वाट सापडली ती सांचीच्या छोट्या छोट्या लेखांमधून. बरेचसे लेख त्याच अक्षरांनी संपतायत, हे त्याने पाहिलं. इतके वेगवेगळे छोटे लेख, देवस्थानी, शेवट सारखा, म्हणजे बहुधा दानाचे असणार. ‘दानं’ या शब्दाने दार किलकिलं झालं. एका मोठ्या लेखाकडे टक लावून बसण्यापेक्षा शंभर छोटे लेख शेजारी ठेवा आणि काय बदलतंय, काय तसंच राहतंय ते बघा. रिनूवोही तेच करतो.

मात्र ही तुलना फार ताणू नका. सुलसदताचा दगड अठराशेहून अधिक वर्षं तसाच आहे. ग्राफिक्स कार्डाची नवी पिढी दोनेक वर्षांत येते, आणि मालक तिला कुलूपही लावू शकतो.

आता टीका. नूवोवाल्यांना ‘काय’ लिहायचं ते कळलं, ‘का’ ते बऱ्याच ठिकाणी कळलं नाही. त्यांच्या कोडमध्ये ‘अन्के’ अशी नावं जागोजागी दिसतात, म्हणजे अननोन. इथे अमुक आकडा लिहिला की कार्ड चालतं, अर्थ माहीत नाही. एका बाजूने हा प्रामाणिकपणा मला आपल्या कित्येक पेपरांपेक्षा बरा वाटतो. जे माहीत नाही त्याला त्यांनी खोटं भारदस्त नाव दिलं नाही. पण दुसऱ्या बाजूने, नकलेवर उभं राहिलेलं ज्ञान परिस्थिती बदलली की डगमगतं. हे उघड झालं रीक्लॉकिंगमध्ये. कार्ड सुरू होतं तेव्हा कमी गतीवर असतं. गती वाढवायची तर व्होल्टेज आणि मेमरीचं टायमिंग कार्डाच्या व्हीबायोसमधल्या तक्त्यांप्रमाणे, ठरलेल्या क्रमाने बदलावं लागतं. क्रम चुकला की पडद्यावर रांगोळी. इथे दुसऱ्याच्या कार्डावरची नोंद उतरवून भागत नाही, कारण तक्ता प्रत्येक मॉडेलचा वेगळा. केप्लर पिढीपर्यंत त्यांनी हेही बऱ्यापैकी जमवलं, पण वापरणाऱ्याने हाताने गती निवडायची, जबाबदारी त्याची.

दुसरी टीका माणसांबद्दल. इतकं मोठं काम फार थोड्या डोक्यांत होतं. बेन स्केग्ज वर्षानुवर्षं कर्नलच्या भागाचा मुख्य सांभाळणारा, सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने ती जबाबदारी सोडली. पुढे एप्रिल २०२४ मध्ये त्याचे नूवोसाठीचे पॅच आले, ते एन्व्हिडियाच्या पत्त्यावरून! हे चांगलं की वाईट, यावर मला अजून ठाम बोलता येत नाही. पण एक जण उठला की ज्ञान उठतं, ही रचना संशोधन गटासाठी धोक्याची आहे. तुमच्या लॅबमध्येही एक असा सीनियर असेल, तो पास झाला की मशीन बंद पडतं.

तरी नूवो अडला तो स्वतःच्या दोषाने नाही. २०१४ च्या दुसऱ्या मॅक्सवेल पिढीपासून कार्ड फक्त एन्व्हिडियाने सही केलेलं फर्मवेअरच स्वीकारू लागलं. गती सांभाळणाऱ्या भागाचं सही केलेलं फर्मवेअर नूवोला वापरता येईल अशा रूपात मिळालं नाही. म्हणजे लिपी वाचता आली तरी लेण्याला लोखंडी गज. कार्ड नूवोवर चालतं, पण सुरू होतानाच्या कमी गतीवर अडकलेलं.

मग ११ मे २०२२. एन्व्हिडियाने ५१५ मालिकेबरोबर कर्नल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला, जीपीएल आणि एमआयटी अशा दुहेरी परवान्याखाली. आनंदाची गोष्ट होती, आणि मीही लॅबमध्ये पेढे वाटण्याची भाषा केली होती. पण मजले आठवा. खुला झाला मधला मजला. वरचा, म्हणजे कुडा, त्यांचा कंपायलर, लायब्ररी, बंदच. आणि मधल्या मजल्यावरचं बरंचसं सामान आधीच तळघरात हलवलेलं. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून कार्डात जीएसपी नावाचा प्रोसेसर आहे. पूर्वी ड्रायव्हर करायचा ती कितीतरी कामं आता त्याचं फर्मवेअर करतं, आणि ते फर्मवेअर बंद. खुला झालेला कोड पुष्कळदा जीएसपीला निरोप पोहोचवणारा पोस्टमन आहे. न्यायाने सांगायचं तर एएमडीच्या ओपन ड्रायव्हरांनाही बंद फर्मवेअर लागतं. फरक एवढा, की तिथे वरचे दोन मजले खरोखर उघडे आहेत.

या उघडण्याचा उपयोग झाला नाही असं नाही. जीएसपीचं फर्मवेअर वापरून नूवोला लिनक्स ६.७ पासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांवर पूर्ण गती मिळू लागली. वरच्या मजल्यासाठी मेसामध्ये फेथ एक्स्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर उभा केला. रस्टमध्ये लिहिलेल्या ‘नोव्हा’चा पाया २०२५ मध्ये लिनक्स ६.१५ मध्ये आला. दिशा चांगली आहे.

आता संशोधनाला याचं काय? कुडाचा प्रोग्राम अनेकदा पीटीएक्स नावाच्या मधल्या भाषेत साठवलेला असतो आणि चालताना ड्रायव्हरमधला कंपायलर त्याचा शेवटचा मशीन कोड बनवतो. म्हणजे तुमचा प्रोग्राम तोच, कार्ड तेच, ड्रायव्हर बदलला तर मशीन कोड बदलू शकतो. गुणाकार आणि बेरीज एकत्र केली की वेगळी, बेरजांचा क्रम कुठला, यावर शेवटचे दशांश हलतात. एका बेरजेत ते नगण्य. कोट्यवधी बेरजांच्या शेवटी मंद पल्सार शोधत असाल तर नगण्य म्हणण्याआधी तपासावं लागतं. ओपन ड्रायव्हरमध्ये हे शोधायची रीत आहे: जुनी चालणारी आवृत्ती आणि नवी बिघडलेली आवृत्ती धरून ‘गिट बायसेक्ट’ लावा, हजार बदलांतून दहाएक पायऱ्यांत नेमका बदल सापडतो, आणि त्याच्या शेजारी तो का केला हे लिहिलेलंही असतं. बंद ड्रायव्हरमध्ये फार तर ‘अमुक क्रमांकापासून फरक पडला’ एवढंच म्हणता येतं. तेही क्रमांक लिहून ठेवला असेल तर! माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत ड्रायव्हरचा क्रमांक कुठेच नाही. तेव्हाचे काही आलेख आज मला पुन्हा काढता येत नाहीत, आणि ही चूक पूर्णपणे माझी.

ज्युनियरला हे सगळं सांगून झाल्यावर मी सहज विचारलं, “मॉडेल कुठलं म्हणालास?”

“जीटीएक्स १०६०. कॉलेजच्या लॅबमधलं.”

१०६० म्हणजे २०१६ ची पास्कल पिढी. २०२२ चं खुलं मॉड्यूल ट्युरिंगच्या आधीच्या कार्डांना चालतच नाही. म्हणजे ज्या बातमीवर त्याने ते वाक्य लिहिलं होतं, ती बातमी त्याच्या कार्डाची नव्हतीच. बरं, बंद ड्रायव्हरही आता किती दिवस? मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची मालिका, तिला काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, इतकंच. २०२५ च्या कुडा १३ मधून या पिढ्या वगळल्या आहेत. आणि नूवो? सही नसल्यामुळे कमी गतीवर अडकलेला, त्यातून कुडा चालत नाही ते वेगळंच. मागून आलेल्यांना जीएसपीचं दार मिळालं, आधीच्यांना चालणारा नूवो मिळाला, मधली पिढी दोन्हीकडून सुटली. आणि आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये नेमकी हीच कार्डं आहेत, कारण कार्ड एकदा घेतलं की दहा वर्षं वापरायचं असतं. उत्तम चालणारं सिलिकॉन एका सहीअभावी भंगारात जाणार, याचा राग २०२२ च्या आनंदलेखांमध्ये मला कुठे दिसला नाही.

त्याने वाक्य बदललं. आता सिनॉप्सिसमध्ये कर्नलची आवृत्ती, ड्रायव्हरचा क्रमांक, कुडाची आवृत्ती, कार्डाची ठेवलेली गती आणि वीजमर्यादा लिहिली आहे. पीटीएक्सवर न विसंबता पास्कलसाठी थेट मशीन कोड बनवून साठवला, हेही लिहिलं आहे. पुढे एक ओळ: ‘विश्लेषणाचा प्रोग्राम ओपन सोर्स आहे, ड्रायव्हर व फर्मवेअर नाहीत.’ गाईडला ती ओळ कमकुवत वाटली. मला तीच पानातली सगळ्यात भक्कम ओळ वाटते.

लॅबमधल्या त्या पीसीवर त्याने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘अपडेट करू नये.’ मग सिक्युरिटीचं काय, तीन वर्षं हे मशीन नेटवर्कवर असंच ठेवणार का, असं गाईडने विचारलंय. प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर अजून आम्हा दोघांकडे नाही.