घाना की नायजेरिया? एका तक्त्याची चिरफाड

कोर्सवर्कच्या वेळी मी एक तक्ता केला होता. एका बाजूला घाना, दुसऱ्या बाजूला नायजेरिया. खाली दरडोई उत्पन्न, आयुर्मान, दारिद्र्याची टक्केवारी. शेवटी ऐटीत एक वाक्य: 'घानातील राहणीमान नायजेरियापेक्षा चांगले आहे.' गाईडनी ते वाक्य खोडलं नाही. फक्त प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'कोणी मोजला? कसा?' तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसमध्ये असाच तक्ता टाकणार, म्हणून माझाच इथे उघडून दाखवते.

आधी उत्पन्न. घानाने नोव्हेंबर २०१० मध्ये जीडीपीचं आधारवर्ष १९९३ वरून २००६ वर आणलं आणि अर्थव्यवस्था कागदावर सुमारे ६० टक्क्यांनी मोठी झाली. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये १९९० सोडून २०१० हे आधारवर्ष धरलं. २०१३ चा जीडीपी ८९ टक्क्यांनी वर गेला आणि देश दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून खंडात पहिला आला. मोबाईल सेवा, नॉलिवूडचे सिनेमे यांची जुन्या हिशेबात नीट नोंदच नव्हती. आक्रा किंवा लागोसमध्ये त्या दिवशी कुणाच्या ताटात एक घास जास्त पडला नाही. आता बघा, या दोन तारखांच्या मधल्या काळात कुणी त्या वेळचे आकडे घेऊन तुलना केली असेल, तर एक देश नव्या फूटपट्टीने मोजलेला आणि दुसरा जुन्या. असे लेख तुम्हाला वाचनात भेटतील. छापील वर्ष बघून सावध व्हा.

हा सगळा गोंधळ समजून घ्यायला मॉर्टेन येर्वेन यांचं 'पुअर नंबर्स' (२०१३) वाचाच. येर्वेन हे नॉर्वेचे आर्थिक इतिहासकार. आफ्रिकेतल्या सांख्यिकी कार्यालयांत जाऊन जीडीपी प्रत्यक्षात कसा तयार होतो हे त्यांनी पाहिलं, आणि नायजेरियाच्या जनगणनेचं राजकारणही उलगडलं. लोकसंख्येवर जागा आणि महसुलाचा वाटा ठरतो, त्यामुळे मोजणीवरच भांडण होतं. तिथली शेवटची जनगणना २००६ ची, सुमारे १४ कोटींची. घानाची २०२१ ची, ३ कोटी ८ लाखांची. म्हणजे 'दरडोई' म्हणताना नायजेरियाचा भागाकार जुन्या मोजणीवरून पुढे ओढलेल्या अंदाजाने होतो. पुस्तक उत्तम आहे, पण माझी तक्रार आहे. ते उत्पन्न आणि लोकसंख्येत इतकं गुंततं की वाचणारा 'आफ्रिकेचे सगळेच आकडे कच्चे' असं मनात धरून उठतो. मीही तशीच उठले होते. ते खरं नाही, आणि ते पुढे येईलच.

दारिद्र्याच्या ओळीत माझी चूक सगळ्यात लाजिरवाणी होती. घाना २३.४ टक्के (२०१६-१७), नायजेरिया ४०.१ टक्के (२०१८-१९). शेजारी शेजारी ठेवले की किती छान दिसतात! पण दोन्ही आपापल्या राष्ट्रीय दारिद्र्यरेषेवरचे. घाना घरातला खर्च 'प्रौढ-समतुल्य' माणसांत वाटतो, म्हणजे लहान मूल पूर्ण माणूस धरलं जात नाही. नायजेरिया सरळ डोकी मोजतो. वरून नायजेरियाच्या आकड्यात बोर्नो राज्य नाहीच, कारण संघर्षामुळे तिथे पाहणी नीट होऊ शकली नाही. ज्यांची परिस्थिती सगळ्यात वाईट असण्याची शक्यता, तेच तक्त्याबाहेर. माझ्या तक्त्यात हे सांगणारी साधी तळटीपही नव्हती.

मानव विकास निर्देशांकाचं थोडक्यात सांगते. २०२१ साठी घाना ०.६३२, नायजेरिया ०.५३५. हे आकडे फोडा. क्रयशक्तीनुसार दरडोई उत्पन्न ५,७४५ आणि ४,७९० डॉलर, म्हणजे फरक पाचव्या हिश्शाचा. आयुर्मान मात्र ६३.८ आणि ५२.७ वर्षं. अकरा वर्षं! एकत्रित आकडा देऊन थांबलात तर ही अकरा वर्षं त्यात विरघळून जातात.

आयुर्मानही अंदाजच, कारण मृत्यूंची नोंद अपुरी. पण बालमृत्यूचे आकडे लोकसंख्या व आरोग्य पाहणीतून येतात. आयांना त्यांच्या प्रत्येक बाळाबद्दल विचारतात, आणि दोन्ही देशांत प्रश्नावलीचा साचा तोच. घाना २०१४: हजार जन्मांमागे पाच वर्षांखालचे ६० मृत्यू. नायजेरिया २०१८: १३२. घानाची पाहणी चार वर्षं जुनी, तरी आकडा निम्म्याहून कमी. आधारवर्ष बदलून हा फरक पुसता येत नाही. इथे माझं वाक्य टिकतं.

पण 'नायजेरिया' म्हणजे कुठला? त्याच २०१८ च्या पाहणीत नैर्ऋत्येच्या ओगुन राज्याचा आकडा ३० आहे आणि वायव्येच्या केब्बीचा २५२. (राज्यांचे आकडे आधीच्या दहा वर्षांवरचे असतात, देशाचा पाच वर्षांवरचा, एका ओळीत लिहू नका.) ओगुन घानाच्या सरासरीपेक्षा बरं, केब्बी चौपटीहून वाईट. गाईडना हे दाखवलं तर म्हणाले, "मग दोन देश कशाला? घानाचा उत्तर भाग आणि केब्बी घे की." गेले चार महिने तेच करतेय. तक्ता अजून झालेला नाही.