सभागृहाची मराठी : ‘संगीत म्युनिसिपालिटी’ आणि फुले यांचे एक विरोधी मत

नगरपालिकेचे सभागृह मराठी रंगभूमीवर ठळकपणे आले ते हास्याचा विषय म्हणून. माधवराव जोशी (१८८५–१९४८) यांच्या ‘संगीत म्युनिसिपालिटी’ (१९२५) या नाटकाची नोंद वाङ्मयेतिहासांत उपहासप्रधान नाटक अशी होते आणि बहुधा तेवढ्यावरच थांबते. सभासदांचा स्वार्थ, निवडणुकीतील लटपटी, कारभारातील अनागोंदी हे त्याचे विषय, असे सांगितले की समीक्षकाचे काम संपते. नगरपालिकेतील चर्चा हा मराठीतील एक स्वतंत्र भाषाव्यवहार आहे, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात तिचा विचार करावयाचा आहे.

नाटकाच्या नावापासून सुरुवात करणे उचित ठरेल. ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत शारदा’ या नावांत ‘संगीत’ हे विशेषण भारदस्तपणाचे द्योतक आहे. तेच ‘म्युनिसिपालिटी’ या शब्दाला लावताच प्रेक्षक पडदा वर जाण्यापूर्वीच हसू लागतो. या हास्याचे मूळ शब्दाच्या परकेपणात आहे. ‘नगरपालिका’, ‘महापौर’ हे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या प्रयत्नांशी निगडित असलेले शब्द पुढे रूढ झाले. ‘संगीत नगरपालिका’ असे नाव आज कोणी दिले तर त्यात ती गंमत उरणार नाही. म्हणजे उपहासाचा विषय केवळ सभासद नाही. सूचना मांडणे, अनुमोदन देणे, उपसूचना आणणे, मते मोजणे हा सारा विलायती विधी मराठी तोंडातून उच्चारला जातो, तेव्हा निर्माण होणारी विसंगती हाही त्याचा विषय आहे.

ही विसंगती हास्यास्पदच असावयास हवी होती काय? येथे पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते लोकनियुक्त नव्हते, सरकारनियुक्त होते. स्थानिक स्वराज्यासंबंधीचा रिपन यांचा ठराव १८८२ चा. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. ही रक्कम पुण्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी, असे फुले यांनी सुचविले. बत्तीस नियुक्त सभासदांत प्रस्तावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. त्याच वर्षी शहरातील दारूच्या दुकानांची संख्या वाढू लागली असता त्यांनी कार्यकारी मंडळाला पत्र लिहिले. नगरपालिका नागरिकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुसरीकडे ही दुकाने तेच आरोग्य बिघडवितात, असा त्याचा युक्तिवाद आहे.

‘शेतकऱ्याचा असूड’ किंवा ‘गुलामगिरी’ यांतील फुले येथे दिसत नाहीत. ब्राह्मण-शूद्र संघर्षाची भाषा नाही, अखंडांची लय नाही. आहे तो जमाखर्चाचा तर्क : एक खाते ज्यासाठी पैसा देते त्यावर दुसरे पाणी ओतते, किंवा अमुक रक्कम अमुक कामाऐवजी तमुक कामास लावावी. अभ्यासकांनी हे लेखन चरित्राची सामग्री म्हणून वापरले, वाङ्मय म्हणून क्वचितच वाचले. वास्तविक फुल्यांच्या गद्यातील ही सर्वांत काटकसरीची शैली आहे. सभागृहाने घातलेली बंधने तिने स्वीकारली आहेत आणि त्यांतूनच धार मिळविली आहे. ज्यांना त्या सभागृहात प्रवेश नव्हता त्यांचा हिशेब सभागृहाच्याच परिभाषेत मांडणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते वक्तृत्वाहून अवघड काम आहे. विधी परका खरा; पण तो परका असल्यामुळेच एकट्या माणसाच्या ‘नाही’ची नोंद झाली. गावकीच्या बैठकीत ती झाली असती का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

मग १८८० ते १९२५ या दरम्यान काय बदलले? सभागृहातील प्रश्न हलके झाले होते, असे म्हणता येत नाही. १९२० च्या सुमारास मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न पुण्याच्या नगरपालिकेपुढे होता आणि त्यासाठी रमाबाई रानडे यांच्यासह अनेक स्त्रिया पुढे आल्या होत्या. बदलली होती ती सभासदांची निवड. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते प्रांतांतील भारतीय मंत्र्यांकडे आले, मतदार वाढले, निवडून येणारे सभासद वाढले. उपहासाचा बहर नेमका याच काळातला आहे, हा योगायोग मानणे कठीण वाटते. जोशी यांचा रोख सत्तेच्या दुरुपयोगावर आहे, हे निःसंशय मान्य करावे लागेल आणि त्यांची विनोदशक्ती अस्सल आहे. आक्षेप नाटकापेक्षा त्याच्या ग्रहणावर आहे. सुशिक्षित मध्यमवर्गीय रसिकाने त्यात भ्रष्ट सभासद पाहिला की सभाशिष्टाचार न जाणणारा नवा सभासद, हा भेद आपल्या समीक्षेने केला नाही. दोघांनाही एकच हशा मिळाला. (‘नगरसेवक’ हा शब्द आजही मराठी व्यंगचित्रात फारसा गांभीर्याने येत नाही, तो त्याच परंपरेचा परिणाम असावा.)

या संदर्भात आचार्य अत्रे यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. विडंबनकार म्हणून ख्यातकीर्त असलेला हा लेखक १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतः पुणे नगरपालिकेत निवडून गेला. पुण्यात १८८६ मध्ये उघडलेल्या ‘रे मार्केट’ला महात्मा फुले यांचे नाव देण्यात त्यांचा पुढाकार होता. या मंडईच्या बांधकामावर मोठा खर्च करण्यास फुले यांनी हरि रावजी चिपळूणकर यांच्यासह विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळविण्याचा आग्रह धरला होता. विरोध फेटाळला गेला, इमारत उभी राहिली आणि सुमारे अर्धशतकानंतर तिला विरोधकाचेच नाव मिळाले. नाव सर्वांच्या तोंडी आहे. मूळ युक्तिवाद मात्र मराठीच्या कोणत्याही गद्यवेच्यात या लेखकाला आढळलेला नाही.