उसन्या देहातली वर्षे

मे १९९१ मध्ये 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेचा 'द होस्ट' हा भाग दाखवला गेला. ओडान नावाचा परग्रहावरचा राजदूत त्यात जखमी होतो. त्याच्या प्रेमात पडलेल्या डॉक्टर बेव्हर्ली क्रशरला उपचार करताना कळते की, ज्या देहावर आपला जीव जडला तो ओडान नाहीच. त्या देहाच्या पोटात राहणारा एक मऊ, आंधळा वाटणारा जीव म्हणजे ओडान. देह मरतो, ओडान उरतो. काही काळ तो जहाजावरच्याच एका अधिकाऱ्याच्या शरीरात काढतो आणि शेवटी एका स्त्रीच्या देहातून डॉक्टरसमोर येऊन उभा राहतो. लेखकांना विचारायचे होते ते एवढेच, की माणूस नेमका कशावर प्रेम करतो. चाहत्यांनी मात्र दुसराच प्रश्न उचलला. हा पोटातला जीव जगतो किती? आणि त्याला पोटात घेणारा?

त्या प्रश्नाला तीस वर्षे उलटून गेली आहेत. दरम्यान सहजीवी परग्रहवासीयांच्या आयुर्मानाबद्दल चाहत्यांनी एवढे तर्क लढवले आहेत की, त्यांची एक स्वतंत्र कला म्हणूनच दखल घ्यायला हवी. या कलेची वंशावळ जुनी आहे. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथा खऱ्या कागदपत्रांसारख्या वाचून त्यांतल्या विसंगतींचा अभ्यास मांडला. १९६७ मध्ये 'स्पॉकानालिया' हे स्टार ट्रेकच्या चाहत्यांचे पहिले नियतकालिक निघाले, तेव्हा तीच रीत अंतराळात पोचली. पद्धत साधी. कथेत जे लिहिले आहे ते सगळे खरे मानायचे, दोन विधाने एकमेकांशी भांडू लागली की दोन्ही खरी ठरतील असे तिसरे काहीतरी शोधायचे. ही पद्धत हातात असली म्हणजे सुचेल ते सगळे मोलाचे ठरते असे मात्र नाही. या लेखात मला तोच भेद पाहायचा आहे.

ट्रिल या प्रजातीपासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त शाई तिच्यावर सांडली आहे. १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' सुरू झाली आणि तिच्यात जॅडझिया डॅक्स आली. तरुण स्त्रीच्या देहात तीनशेहून अधिक वर्षांचा सहजीवी. पण ओडानच्या कपाळावर उंचवटे होते, जॅडझियाच्या कपाळापासून मानेवर ठिपके. ओडानला प्रेषकयंत्रातून पाठवणे धोक्याचे होते, जॅडझिया त्यातून रोज ये-जा करते. ओडानच्या यजमानाचे स्वतःचे मन कुठे दिसत नाही, जॅडझियाचे मात्र ठळक दिसते. यावर चाहत्यांचा सर्वांत लोकप्रिय तोडगा असा, की ट्रिल ग्रहावर दोन वंश आहेत आणि त्यांच्या सहजीवींच्या जातीही दोन, एक अल्पायुषी आणि एक दीर्घायुषी. हा तर्क मला कधीच पटला नाही. तो विसंगती मिटवतो आणि तिथेच थांबतो. त्यातून डॅक्सबद्दल किंवा ओडानबद्दल नवे काही कळत नाही. रंगभूषाकाराने कपाळ बदलले म्हणून एक नवा वंश जन्माला घालणे म्हणजे सदऱ्याला ठिगळ लावणे. सदरा कोणी शिवला आणि कोणासाठी, हे ठिगळ सांगत नाही.

त्यापेक्षा आकडेमोड करणारे तर्क कितीतरी सरस आहेत. मालिकेत सांगितलेले आहे की वर्षाला सरासरी तीनशेच सहजीवी नव्या यजमानासाठी उपलब्ध होतात आणि त्यांच्यासाठी हजारो उमेदवार झटतात. आता डॅक्सचे जॅडझियापर्यंतचे यजमान पाहा : लेला, टोबिन, एमोनी, ऑड्रिड, टोरियास, जोरन, कर्झन, जॅडझिया. तीनशेहून अधिक वर्षांत आठ जण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी चाळीसच्या आसपास वर्षे. टोरियास यान अपघातात गेला, जोरन सहा महिनेच टिकला, जॅडझिया सात वर्षांत मारली गेली. त्यांनी सरासरी खाली ओढली हे खरे, तरी क्षणभर तीच प्रमाण मानू. वर्षाला तीनशे जागा भरतात आणि प्रत्येक जागा चाळीस वर्षे टिकते, तर कोणत्याही क्षणी जोडणी झालेले ट्रिल सुमारे १२,०००. संपूर्ण ग्रहावर फक्त बारा हजार! आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती, आणि तिच्यातली माणसे शतकानुशतके मरतच नाहीत, केवळ देह बदलतात.

हा आकडा हाती आला की मालिकेतल्या दोन भागांचा अर्थच पालटतो. १९९४ च्या 'इक्विलिब्रियम'मध्ये उघड होते की ट्रिल लोकसंख्येपैकी जवळजवळ निम्मे लोक सहजीवी धारण करू शकतात. सहजीवींच्या नेमणुका ठरवणाऱ्या मंडळाने ही गोष्ट दडवून ठेवलेली असते, कारण ती फुटली तर सहजीवींचा बाजार भरेल. १९९५ च्या 'रीजॉइन्ड'मध्ये आधीच्या देहातल्या जोडीदाराशी पुन्हा नाते जोडणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा आहे. हद्दपारीचा अर्थ असा, की यजमानाबरोबर सहजीवीही मरणार, पुढचा देह नाही. मालिका कारण देते ते अनुभवांच्या ताजेपणाचे : सहजीवीने मागच्या आयुष्यात अडकून राहू नये. पण बारा हजारांची वस्ती डोळ्यांसमोर ठेवा. या जुन्या जिवांनी आपापसांतली लग्ने, मैत्र्या, वैरे, मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या चालवायची ठरवली, तर ग्रहावर एक कायमचे सरदारघराणे तयार होईल, ज्यातला कोणीही म्हातारा होऊन बाजूला होणार नाही. ती शिक्षा एवढी कडक का, याचे उत्तर आयुर्मानात दडलेले आहे. मला हवा असलेला चाहत्यांचा तर्क हा असा असतो. तो आकड्यापासून निघतो आणि एका समाजाच्या भीतीपर्यंत पोचतो.

२०२४ मध्ये 'डिस्कव्हरी'च्या शेवटच्या पर्वाने या हिशेबाला मोठा धक्का दिला. 'जिनाल' या भागातला बिक्स हा सहजीवी आठशे वर्षांपूर्वीच्या आपल्या यजमानाच्या आठवणी बाळगून आहे. डॅक्सच्या वेगाने देह बदलले असतील तर वीस माणसे. तेव्हापासून तर्कांचा रोख स्मृतीच्या क्षमतेकडे वळला आहे : वीस आयुष्ये एका जिवात मावतात कशी, जुनी पुसली जातात का. मला हे वळण निराशाजनक वाटते. सहजीवीला आठवणींची कोठी मानले की यजमान विसरलाच जातो. आणि ट्रिलांच्या गोष्टीत सर्वांत बोचरी तरतूद यजमानाबद्दलचीच आहे. जोडणी होऊन ९३ तास झाले की दोघे एकमेकांत गुंततात. त्यानंतर सहजीवी काढला तर यजमान काही तासांत मरतो, सहजीवी मात्र पुढच्या देहात जाऊ शकतो. करार दोघांचा, पण मरायचे एकानेच.

इथे जीवशास्त्राचा आधार घ्यायला हवा, आणि चाहत्यांपैकी फार थोडे तो घेतात. पीटर मेडावार यांनी १९५२ मध्ये मांडलेला विचार असा, की ज्या प्राण्याला अपघात, शिकार, उपासमार लवकरच गाठतात, त्याच्या शरीरात उतारवयापर्यंत टिकण्याची तरतूद उत्क्रांती सहसा करत नाही, कारण त्या वयापर्यंत पोचतोच कोण? दीर्घायुष्य सुरक्षित जागी वाढते. मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाशी राहणारे लॅमेलिब्रॅकिया हे नळीकृमी अडीचशेहून अधिक वर्षे जगतात. त्यांना तोंड नाही, आतडे नाही. शरीरातले सहजीवी जिवाणू अन्न तयार करतात आणि थंड, अंधाऱ्या तळाशी त्यांना खाणारेही फारसे कोणी नाही. आता ट्रिलकडे परत येऊ. शस्त्रक्रिया अस्तित्वात येण्याआधी सहजीवी एका देहातून दुसऱ्या देहात जात कसे असतील? बहुधा क्वचितच. मग शतकांचे आयुष्य त्यांना मिळाले ते मनुष्यदेहात नव्हे. ट्रिल ग्रहावरच्या माकाला गुहांतल्या दुधाळ पाण्याच्या कुंडांत, जिथे ते विजेच्या ठिणग्यांनी एकमेकांशी बोलतात, तिथे ते मिळाले असणार. माझा स्वतःचा तर्क हाच आहे. सहजीवीला जगण्यासाठी यजमान लागत नाही. त्याला यजमान लागतो तो काहीतरी घडावे म्हणून. आठशे वर्षे कुंडात पडून राहिलेल्या जिवाला आठवायला काय असणार?

निसर्गाकडे याहून अस्वस्थ करणारे उदाहरण आहे. युरोपात ओकच्या फळांत घरे करणाऱ्या टेम्नोथोरॅक्स या मुंगीच्या अंगात एक पट्टकृमी शिरतो, आणि त्याने बाधित झालेल्या कामकरी मुंग्या निरोगी मुंग्यांपेक्षा कितीतरी जास्त जगतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधनात तीन वर्षांच्या निरीक्षणानंतर त्यांचे जगणे जवळजवळ राणीमुंगीच्या तोडीचे दिसले. त्या काम करत नाहीत, वारुळातच बसून राहतात, सोबतच्या मुंग्या त्यांची चाकरी करतात. कृमीला शेवटी सुतारपक्ष्याच्या आतड्यात पोचायचे असते. मुंगी जितकी वर्षे जगेल तितकी पक्ष्याने तिला गिळण्याची शक्यता जास्त. वाढलेले प्रत्येक वर्ष मुंगीचे दिसते, पण ते आहे कृमीचे. आंब्यावरच्या बांडगुळाला निदान एवढी तरी मर्यादा आहे की, ते झाडाचे आयुष्य वाढवल्याचा आव आणत नाही.

'स्टारगेट'च्या चाहत्यांनी हा धडा ट्रिलवाल्यांपेक्षा लवकर ओळखला, असे माझे मत आहे. १९९४ च्या चित्रपटातला रा हा हजारो वर्षे जगतो, आणि १९९७ पासूनच्या मालिकेने त्याला गोआउल्ड या सापासारख्या जिवांच्या गोतावळ्यात बसवले. गोआउल्ड यजमानाचे मन दडपतात आणि दगडी पेटीसारख्या एका यंत्रात झोपून आयुष्य पुन्हा पुन्हा ताजे करतात. त्यांचेच बंडखोर भाऊबंद टोकरा. ते यजमानाच्या संमतीने, त्याच्या बरोबरीने राहतात आणि ती पेटी वापरायचे नाकारतात, कारण ती मनातला चांगुलपणा झिजवते. पेटीविना टोकराचा यजमान सुमारे दोनशे वर्षे जगतो. सेल्माक या टोकराची आधीची यजमान सारूश २०३ वर्षांची होऊन मरते. सेल्माक स्वतः दोन हजारांहून अधिक वर्षांचा, म्हणजे साधारण दहा यजमान. इथे चाहत्यांनी मांडलेला मोठा तर्क असा, की गोआउल्डांचे क्रौर्य ही त्यांची जात नाही, तो त्यांच्या आयुर्मानाचा परिणाम आहे. जेवढे जास्त जगले, तेवढे वाईट झाले. ययातीने मुलाचे तारुण्य मागून घेतले तेव्हा किंमत पुरूने दिली. गोआउल्डांच्या पेटीत ती किंमत झोपणाऱ्यालाच द्यावी लागते, वर्षावर्षाने, त्याच्या नकळत.

त्या मानाने मूळ चित्रपटातला रा करड्या वर्णाचा, बारीक अंगाचा का दिसतो, यावर लढवलेले तर्क पुन्हा ठिगळांचेच. त्यांच्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. टोकरांच्या घटत्या संख्येवरचे तर्क मात्र मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. टोकरांची एकच राणी, इगेरिया. ती २००२ च्या 'क्युअर' या भागात मरते. तिच्यानंतर नवा टोकरा जन्मणार नाही. दोन हजार वर्षे जगू शकणाऱ्या जमातीला उलटी गणती लागते. २००५ च्या 'थ्रेड्स'मध्ये म्हातारा सेल्माक मरतो, आणि आपला यजमान जेकब कार्टर, ज्याला त्याने कर्करोगातून वाचवले होते, त्यालाही बरोबर नेतो. त्या दृश्यात मुलगी बापाजवळ बसलेली असते. चाहत्यांनी मोजलेली वर्षे माहीत असली म्हणजे त्याच खोलीत दुसरी एक वजाबाकीही ऐकू येते.

पुस्तकांकडे मात्र चाहत्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, ही माझी खरी तक्रार आहे. के. ए. ॲपलगेट यांच्या 'ॲनिमॉर्फ्स' मालिकेतल्या यीर्क या परजीवी जिवांना दर तीन दिवसांनी एका विशिष्ट किरणोत्सर्गात न्हावे लागते, आणि प्रजनन म्हणजे तिघांनी एकत्र विरघळून मरणे. म्हणजे ज्याने संतती नाकारली त्यानेच जगायचे. यावर थोडेफार लिहिले गेले आहे. पण हॅल क्लेमंट? त्यांच्या १९५० च्या 'नीडल' कादंबरीत एक जेलीसारखा परग्रही पोलीस बॉब नावाच्या मुलाच्या शरीरात राहतो आणि त्याच्या जखमा बुजवतो. २८ वर्षांनी, १९७८ मध्ये क्लेमंट यांनी तिचा पुढचा भाग लिहिला. त्यात बॉब तरुण आहे आणि आजारी आहे. सतत कोणीतरी आतून रक्षण करत राहिल्याने त्याच्या शरीराने स्वतःचे रक्षण करायचे सोडून दिले आहे. सहजीवी सज्जन, हेतू निर्मळ, आणि तरी यजमान खंगत चाललेला. लेखकाने स्वतःच आपल्या जुन्या पुस्तकाचा एवढा प्रामाणिक फेरविचार केल्याचे दुसरे उदाहरण मला या प्रकारात आठवत नाही.

आणि ऑक्टेव्हिया बटलर यांची 'ब्लडचाइल्ड', १९८४. ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळालेली ही कथा. त्लिक नावाचे किड्यांसारखे जीव माणसांच्या शरीरात अंडी वाढवतात, आणि मोबदल्यात वांझ अंडी माणसांना प्यायला देतात. ती पिऊन माणूस तरतरीत राहतो आणि जास्त जगतो. निवेदक गानच्या वडिलांनी कधीच अंडे नाकारले नाही. ते नेहमीच्या दुपटीहून अधिक जगले, उतारवयात त्यांनी लग्न केले आणि चार मुले झाली. आई लिएन अंडे घ्यायला तयार नसते. त्लिकांचे आयुर्मान कथेत कुठे लिहिलेले नाही, पण खुणा आहेत. टगटॉय ही त्लिक गानच्या वडिलांच्याच देहातून, ते गानच्या वयाचे असताना, बाहेर काढली गेली. लिएन आणि ती जुन्या मैत्रिणी, आणि लिएनची गाठ तिच्या नवऱ्याशी टगटॉयनेच घालून दिली. या तीन धाग्यांवरून वय बांधता येते. टगटॉय वयाने लिएनहून बरीच मोठी असावी. टगटॉय अजून भरात आहे, सत्तेत आहे, पहिल्यांदा अंडी घालायच्या तयारीत आहे. लिएनचे केस पांढरे होत चालले आहेत. कथेच्या सुरुवातीला दोघी एका खोलीत आहेत. टगटॉय मैत्रिणीला आपल्या अंगाशी कवटाळून अंडे प्यायचा आग्रह करते, आणि लिएनला ठाऊक आहे की ही आपल्या कोणत्या मुलाकडे पाहते आहे.