निवडणुकीचीं रंगचित्रें आणि बुलढाण्याचा कौल

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे 'जनतेनें कौल दिला' असें म्हणण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. कौल हा शब्द देवळांतला. उजवें फूल पडलें तर एक अर्थ, डावें पडलें तर दुसरा. पण प्रश्न कसा घालावयाचा हें कौल लावणाराच्या हातीं असतें. मतदानाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. मतदारांचीं मनें होतीं तशींच ठेवून केवळ प्रश्न विचारण्याची रीति बदलली तरी उत्तर बदलूं शकतें, हें कोंदॉर्सेच्या १७८५ सालच्या ग्रंथापासून गणितज्ञांस ठाऊक आहे. तें सामान्य वाचकाच्या डोळ्यांस दिसेल असें करण्याचें श्रेय मात्र का-पिंग यी या संगणकशास्त्रज्ञास द्यावें लागतें. त्यानें २००५-०६ च्या सुमारास तयार केलेल्या रंगचित्रांचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे.

या चित्रांची कल्पना सोपी आहे. एक चौकोन घ्यावा. त्याची आडवी बाजू एका प्रश्नावरील मतांची, उभी बाजू दुसऱ्या प्रश्नावरील मतांची. उमेदवार म्हणजे या चौकोनांतील तीन-चार ठिपके. मतदारांचा समूह मध्यावर दाट आणि कडेला विरळ असा कल्पावा, व प्रत्येक मतदार आपणांस जवळच्या उमेदवारास पसंत करतो असें मानावें. या समूहाचा मध्य चौकोनांत एका जागीं ठेवून लुटुपुटीची निवडणूक घ्यावयाची, आणि जो निवडून येईल त्याचा रंग त्या जागीं भरावयाचा. मग मध्य किंचित् सरकवून पुन्हां निवडणूक. अशा हजारों निवडणुका झाल्या म्हणजे सारा चौकोन रंगून निघतो. पद्धति निर्दोष असेल तर हे रंग शेजारच्या गांवांच्या शिवांप्रमाणें सरळ रेषांनीं विभागले जावेत. लोकमताचा मध्य ज्याच्या निकट, त्याचा रंग.

प्रत्यक्षांत काय दिसतें? एकच नांव निवडून सर्वांत अधिक मतें मिळविणारास विजयी ठरविण्याच्या आपल्या नित्याच्या पद्धतींत दोघांच्या मध्यें उभा असलेला उमेदवार दोन्हींकडून चेपला जातो. कधीं कधीं त्याचा रंग चित्रांतून अजिबात नाहींसा होतो. हेअरच्या पसंतीक्रमाच्या पद्धतींत, म्हणजे शेवटच्यास बाद करून त्याचीं मतें पुढच्या पसंतीस देण्याच्या पद्धतींत, हा दोष तर राहतोच, शिवाय शिवा वेड्यावांकड्या होतात आणि एकाच्या मुलखांत दुसऱ्याचें बेट उमटतें. अशा ठिकाणीं लोकमत एखाद्या उमेदवाराकडे सरकलें तर तोच पडतो! उमेदवारांचे दोघादोघांचे सामने लावून सर्वांस जिंकणारास निवडण्याची कोंदॉर्सेची पद्धति मात्र आदर्श चित्राच्या अगदीं जवळ येते.

हें सारें कागदावरचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०२४ सालीं बुलढाणा लोकसभा मतदारसंघांत शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांस ३,४९,८६७, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे नरेंद्र खेडेकर यांस ३,२०,३८८ आणि अपक्ष रविकांत तुपकर यांस सुमारें अडीच लक्ष मतें मिळालीं. जाधव २९,४७९ मतांनीं विजयी झाले. नियमाप्रमाणें निकाल निर्विवाद आहे. परंतु या तिघांच्याच मतांची बेरीज केली तरी विजयी उमेदवाराचा वांटा शेंकडा ३८ भरतो. मग पारावर वाद सुरू होतो : तुपकरांनीं कोणाचीं मतें खाल्लीं? हिशेब केला तर असें दिसतें कीं, इतर उमेदवारांचीं मतें बाजूस ठेवून तुपकरांचे सारे मतदार उरलेल्या दोघांत वांटले, तर निकाल फिरण्यास ५६ विरुद्ध ४४ इतकाच कल खेडेकरांकडे पुरला असता. तो तसा होता काय? किंवा एकास एक अशा सामन्यांत स्वतः तुपकरांनींच दोघांसहि जिंकलें असतें काय? मतदाराची दुसरी पसंती यंत्रानें विचारलीच नाहीं. म्हणून छातीठोकपणें बोलणारे दोन्ही पक्ष सारखेच निराधार होत.

दुसरी पसंती विचारणारी निवडणूकहि या जिल्ह्यास अपरिचित नाहीं. २०२३ सालीं अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघांत पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणासहि कोटा गांठतां आला नाहीं. खालचे उमेदवार एकामागून एक बाद करीत मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली, आणि बुलढाण्याचे धीरज लिंगाडे यांनीं रणजीत पाटील यांचा पराभव केला. पदवीधरास पसंतीक्रम लिहितां येतो आणि शेतकऱ्यास येत नाहीं, असें मानण्यास आज कोणता आधार आहे? मात्र पसंतीक्रम लिहून घेतला म्हणजे न्याय झाला, असेंहि नव्हे. अमेरिकेंतील बर्लिंग्टन शहराच्या २००९ च्या महापौर-निवडणुकींत माँट्रोल यांनीं राइट व किस या दोघांसहि एकास एक तुलनेंत मागें टाकलें होतें. तरी पहिल्या पसंतींत तिसरे आले म्हणून ते बाद झाले आणि किस निवडून आले. पुढच्याच वर्षीं शहरानें ती पद्धति टाकून दिली. यीच्या चित्रांतील चेपलेला मध्य तो हाच.

आतां या चित्रांतील उणें. मतांचे दोनच अक्ष मानणें ही सर्वांत मोठी गैरसोय. आमच्याकडील मतदार सोयाबीन-कापसाचा भाव, पाणी, जात, नातें आणि फुटलेल्या पक्षावरील निष्ठा यांच्या ओढींत एकाच वेळीं सांपडलेला असतो. त्याचें मन चौकोनांत मावत नाहीं. दुसरें, चित्रांतील मतदार सरळमार्गी आहे. खरा मतदार 'मत वायां जाईल' या भीतीनें आवडत्यास सोडून दुसऱ्यास मत देतो. तिसरें, उमेदवारांचे ठिपके स्थिर धरले आहेत. वस्तुतः पद्धति बदलली कीं उमेदवारी कोणास द्यावी हेंच पक्ष निराळें ठरवितात. म्हणून हीं चित्रें भविष्य सांगत नाहींत. रोग्याचें भवितव्य त्यांत नाहीं, रोगाचें निदान मात्र आहे.

हा वाद आपल्या घटनेइतकाच जुना आहे. जानेवारी १९४९ मध्यें मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं घटना-समितींत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. साक्षरतेची उणीव आणि सरकारच्या स्थैर्यास धोका हीं कारणें देऊन डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. त्या काळीं तो विरोध यथार्थ होता असें आम्ही मानतों. परंतु एका जागेसाठीं पसंतीक्रम विचारून दोघादोघांची तुलना केल्यानें स्थैर्यास बाध येत नाहीं. आणि साक्षरतेचें कारण आतां पूर्वीइतकें बळकट राहिलेलें नाहीं. मोजणी किचकट होईल व ती मतदारास समजावून सांगावी लागेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून आरंभ लहान निवडणुकांपासून व्हावा. तोंपर्यंत निकालास 'जनतेचा कौल' म्हणतांना प्रश्न कसा विचारला होता, याची आठवण ठेवणें हें प्रत्येक सुशिक्षिताचें कर्तव्य आहे.