वस्त्रावर लिहिलेला देश

आपल्या समीक्षेत शब्दाला जो मान आहे, तो सुईला नाही. कविता लिहिणाऱ्याला आपण कवी म्हणतो. कशिदा काढणारी मात्र 'हुन्नरी बाई' एवढ्यावरच राहते. पॅलेस्टिनी स्त्रियांचे भरतकाम पाहताना हा भेद टिकत नाही, असे आम्हाला वाटते.

या भरतकामाला अरबीत 'ततरीज' म्हणतात. त्याच मुळाक्षरांचा दुसरा शब्द 'तिराज'. उमय्या, अब्बासी आणि फातिमी काळात खलिफाचे नाव विणलेल्या किंवा भरलेल्या पट्टीचे कापड त्या नावाने ओळखले जाई. खुतब्यात नाव, नाण्यावर नाव आणि वस्त्रावर नाव, ही सत्तेची लक्षणे होती. हा इतिहास ध्यानात ठेवला की, ज्यांच्या हाती सत्ताच नव्हती अशा बायांनी आपल्या पोशाखावर देशाचे नाव भरले, याचा अर्थ नीट उलगडतो.

१९४८पूर्वी तिथली खेडूत स्त्री आपला थोब, म्हणजे पायघोळ झगा, फुलीच्या टाक्याने भरत असे. नक्ष्यांना नावे होती : सरू, पाशाचा तंबू, बेथलेहेमचा चंद्र. जाणत्या नजरेला झग्यावरून बाईचा मुलूख, कधी कधी गावही कळे. हा वारसा एकट्या मुसलमानांचा नाही. बेथलेहेम आणि रामल्लाच्या ख्रिस्ती स्त्रियांचाही त्यात तेवढाच वाटा आहे. १९४८च्या नकबात सात लाखांवर माणसे बेघर झाली, चारशेहून अधिक गावे ओस पडली. निर्वासितांच्या छावण्यांत निरनिराळ्या गावच्या बाया शेजारी आल्या आणि नक्ष्या एकमेकींत मिसळल्या. गाव सांगणारा थोब आता देश सांगू लागला.

पुढे सुलेमान मन्सूर यांच्यासारख्या चित्रकारांनी भरलेला थोब ल्यालेली स्त्री म्हणजे मातृभूमी, अशी प्रतिमा रूढ केली. ही चित्रे मनाची पकड घेतात, यात शंका नाही. पण त्यांतली स्त्री प्रतीक आहे. ती स्वतः काही बोलत नाही. तिच्या वतीने चित्रकार बोलतो.

डिसेंबर १९८७मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाल्यावर चित्र पालटले. व्याप्त प्रदेशात १९६७च्या लष्करी आदेश क्रमांक १०१ने परवानगीविना झेंडा फडकवण्यास मनाई केली होती. स्त्रियांनी झेंड्याचे चार रंग थोबवर उतरवले. जुन्या सरूंच्या शेजारी नकाशा, कबुतरे, कुब्बतुस्सखरा आणि 'फिलस्तीन' ही अक्षरे आली. हातातला झेंडा शिपाई हिसकावून घेऊ शकतो. अंगावरचा झगा हिसकावणे तितके सोपे नाही. कलेच्या तराजूत काही जण या थोबांना घोषणाबाज म्हणतील. आम्हाला ते मान्य नाही. घोषणा क्षणात देऊन होते. असा झगा भरायला कित्येक महिने लागतात. इतका काळ घरात बसून, टाका मोजत केलेला निषेध हा उसना आवेश असू शकत नाही. शिवाय इथे प्रतीक झालेली स्त्रीच लेखिका झाली आहे.

सीमेपलीकडच्या साथीचा विचार करताना चिलीची आठवण होते. १९७३च्या लष्करी उठावानंतर सांतियागोतल्या ज्या बायांचे पती-पुत्र बेपत्ता झाले, त्यांनी गोणपाटावर चिंध्या जोडून चित्रे शिवली. त्यांना 'आर्पिएरा' म्हणतात. पाहायला आपल्या गोधडीच्या जवळची, पण त्यांत तुरुंग, सामुदायिक स्वयंपाक, 'ते कुठे आहेत?' हा सवाल. चर्चच्या मदतीने ही चित्रे परदेशी गेली, तिथे विकत घेतली गेली. त्यातून चूल पेटली आणि दडपलेली खबरही जगात पोहोचली. त्यांवर बहुधा सही नसे, कारण सही म्हणजे अटकेची भीती. तिथे निनावीपण हे संरक्षण होते.

पॅलेस्टिनी ततरीजच्या बाबतीत आज प्रश्न वेगळा आहे. २०२१मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. संग्रहालयांत थोब मांडले जातात, भरलेल्या उशा आणि बटवे सहानुभूतीने विकत घेतले जातात. छावणीतल्या घरांना त्या मिळकतीची गरज आहे. तिला नाक मुरडणे हा कोरडा शहाणपणा ठरेल. पण काचेमागच्या चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव असते आणि भरणारीच्या जागी पुष्कळदा केवळ 'पॅलेस्टिनी स्त्री' एवढेच. इथले निनावीपण तिला कोणतेही संरक्षण देत नाही. ती पुन्हा प्रतीक होऊन बसते.

तिराजवर खलिफाचे नाव असे, विणकराचे सहसा नसे. इंतिफादाच्या थोबवर देशाचे नाव आहे, बाईचे नाही. २०२३पासून गाझात माणसांबरोबर घरे आणि घरांतल्या पेट्याही ढिगाऱ्याखाली गेल्या असताना ही उणीव अधिकच बोचते. दूर राहून साथ देणाऱ्या आपल्यासारख्यांनी कापड विकत घ्यावे, अंगावर मिरवावे. पण नक्षी कोणत्या गावची, ती कोणी भरली, हेही विचारावे. तिची हरकत नसेल तिथे तिचे नाव लिहून ठेवावे. कवीच्या बाबतीत आपण हे न सांगता करतो.