बाबांचं स्मार्टवॉच, दोन जिलब्या आणि न छापलेली चूक

डिसेंबरात बाबांचा साताऱ्याहून फोन आला. आवाजात उत्साह होता. "अगं, आज एकोणीसशे कॅलरी जाळल्या! घड्याळ दाखवतंय. आता दोन जिलब्या खाल्ल्या तर काय बिघडतं?" मागून आईचा आवाज आला, "खाऊन झाल्यात. आता विचारतायत."

मी हसले आणि विसरून गेले. फेब्रुवारीत त्यांचा रिपोर्ट आला. एचबीए-वन-सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा ताळेबंद, दिवाळीआधी ६.९ होता, तो ७.६ झाला होता. दोष एकट्या घड्याळाचा नाही, मध्ये फराळही होता. पण दिवाळीत ते घड्याळ आम्हा भावंडांनीच त्यांना दिलं होतं. त्यामुळे हसणं जरा महागात पडलं असं वाटलं आणि मी त्या घड्याळाच्या मागे लागले.

माझं पीएचडीचं काम प्रकाशावर चालणाऱ्या गॅस सेन्सरवर आहे. प्रकाश टाकायचा, त्यातला किती शोषला गेला ते बघायचं आणि त्यावरून आकडा काढायचा. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा नेमकं हेच करतो. म्हणून बाबांचं घड्याळ मी आठवडाभर पुण्याला घेऊन आले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. धड पट्टा नाही आणि धड घड्याळ नाही असा जो मधला प्रकार सध्या घरोघरी दिसतो, पावलं मोजणारा, मेसेज दाखवणारा, फोन घेणारा, त्या सगळ्या जातीबद्दल मी बोलतेय.

घड्याळ खरोखर मोजतं काय?

फार थोडं. बहुतेक घड्याळांत मुख्य सेन्सर दोनच असतात. पहिला अॅक्सेलरोमीटर. मनगट किती झटक्याने, कोणत्या दिशेला हललं ते तो सांगतो. दुसरा तो हिरवा दिवा आणि त्याच्या शेजारचा प्रकाश टिपणारा डायोड. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. ही वरखाली मोजली की नाडी मिळाली.

बस्स. बाकी बहुतेक सगळं, म्हणजे पावलं, कॅलरी, गाढ झोप, ताण, 'आज तुमचं शरीर किती ताजंतवानं आहे' हा गुण, या दोन सिग्नलवरून बांधलेला अंदाज आहे. काही अंदाज मापाला अगदी चिकटून असतात, काही त्यापासून चार कोस लांब. घड्याळाची सगळी ताकद आणि सगळी दुबळी बाजू या अंतरावर ठरते.

आधी चांगलं ते सांगते

बसल्या जागी मी बोटांनी नाडी मोजली आणि घड्याळाशी ताडून पाहिली. दहा वेळांत एकदाही दोन ठोक्यांहून जास्त फरक पडला नाही. संशोधनही असंच म्हणतं. २०१७ साली स्टॅनफर्डच्या गटाने सात यंत्रं ६० जणांच्या मनगटावर बांधून त्यांना चालवलं, पळवलं, सायकल मारायला लावली. सातांपैकी सहा यंत्रांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. एवढ्याशा भागांकडून हे काम होतं तेव्हा इंजिनिअरांना दाद द्यायलाच हवी.

सपाट रस्त्यावर मी तोंडाने मोजत हजार पावलं टाकली. घड्याळ म्हणालं ९८६. झकास.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घड्याळ माणसाला उठवतं. २०२२ मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थमध्ये आधीच्या ३९ आढावा-लेखांचा एकत्र आढावा आला. असे ट्रॅकर वापरणारे लोक दिवसाला सरासरी सुमारे १,८०० पावलं जास्त चालतात, असं त्यात दिसलं. बाबांनाही हे लागू आहे. निवृत्तीनंतर पेपर आणि टीव्ही यांच्यामध्ये अडकलेला माणूस आता रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. हे श्रेय मी घड्याळाकडून काढून घेणार नाही.

आता पोळ्या आणि ट्रॉली

पुढच्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून बारा पोळ्या लाटल्या. जागची हलले नाही. १३७ पावलं जमा! मग सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत हजार पावलं मोजली. हात दांडीवर स्थिर. घड्याळाच्या हिशोबी ४१२.

कारण उघड आहे. घड्याळ पाय बघत नाही, हात बघतं. झुलणारा हात म्हणजे चालणं, असं त्याने गृहीत धरलेलं आहे. नातवंडाला कडेवर घेऊन फिरणारी आजी किंवा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून येणारा माणूस त्याला आळशीच वाटणार.

नाडीचंही तसंच. मैत्रिणीकडून छातीला बांधायचा पट्टा आणला. तो हृदयाचे विद्युत-सिग्नलच पकडतो, म्हणून तुलनेला जास्त भरवशाचा. दोन्ही लावून पळाले. मध्येच पट्टा म्हणतो १३८, घड्याळ म्हणतं १६५. मी घाबरले, मग पावलं मोजली. मिनिटाला बरोब्बर १६५ पडत होती! हात हलला की मनगटातलं रक्तही हिंदकळतं, आणि त्या तालाला घड्याळ नाडी समजून बसलं होतं. धावणाऱ्यांमध्ये ही चूक चांगलीच माहितीतली आहे. घड्याळ थोडं घट्ट आणि मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधलं की ती कमी होते.

आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर हिरवा प्रकाश नीट चालतो का, हा प्रश्न मला हमखास विचारतात. स्टॅनफर्डच्या त्या अभ्यासात गडद त्वचेवर चूक जास्त दिसली होती. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने ५३ जणांवर पाहिलं, तेव्हा रंगानुसार ठळक फरक सापडला नाही. यंत्रायंत्रांत मात्र फरक होता, आणि हालचाल करताना चूक बसलेल्या अवस्थेपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही, पण हात हलवण्याचा निकाल लागलेला आहे.

कॅलरी: खरा घोटाळा इथे आहे

परत जिलब्यांकडे. बाबांचे एकोणीसशे आले कुठून?

बाबा ६४ वर्षांचे, वजन ७२ किलो, उंची १६६ सेंटीमीटर. पडल्यापडल्या शरीराला किती ऊर्जा लागते याचं मिफलिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं एक सूत्र आहे. त्यात हे आकडे घातले की उत्तर येतं साधारण १,४४०. हृदय चालणं, श्वास, मेंदू, यकृत यांचा हा दिवसभराचा खर्च. बाबा पलंगावर पडून मालिका बघत बसले असते तरी तो झालाच असता. एकोणीसशेतले तीन चतुर्थांश तिथेच गेले. उरलेल्यात जेवण पचवणं, घरातली ये-जा, बाजार. पाऊण तासाच्या फेरीच्या वाट्याला घड्याळानेच किती दिले होते? १९०. आणि तेवढा वेळ ते घरी बसले असते तरी त्यातले पन्नासेक खर्च झालेच असते. पाकात बुडवून काढलेल्या दोन जिलब्यांपुढे हे काही फार नाही. आणि मधुमेहात प्रश्न नुसत्या कॅलरीचा नसतोच. साखर एकदम चढते, ती घड्याळाच्या खात्यावरून वळती होत नाही.

हे १९० तरी खरे का? स्टॅनफर्डच्या अभ्यासात नाडीला पास झालेली सगळी यंत्रं कॅलरीला नापास झाली. सर्वांत कमी चुकलेलं फिटबिट सर्ज सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वांत जास्त चुकलेलं ९३ टक्क्यांनी. ती यंत्रं आता जुनी झाली, हे मान्य. पण अडचण यंत्राच्या वयाची नाही. दोन माणसांची नाडी सारखी असली तरी ऊर्जेचा खर्च सारखा नसतो. स्नायू किती, सवय किती, औषधं कोणती, हे मनगटाला कळत नाही. प्रयोगशाळेत तो खर्च मोजायला तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजावे लागतात. बाबांच्या १९० ला त्यातली सर्वांत चांगली २७ टक्क्यांची चूक लावली, तरी खरा आकडा १४० असू शकतो किंवा २४०.

आता माझी तक्रार. घड्याळाचा अंदाज चुकतो ही ती नाही. अंदाज चुकतातच. आमच्या लॅबमध्ये मी एरर बार न लावता आलेख नेला, तर सर तो न बघताच परत करतात. आकड्याशेजारी 'अधिक-उणे किती' हे लिहिलेलं नसेल तर ते माप नाही, ते मत आहे. घड्याळ मात्र ९८६ पावलं, ७२ ठोके आणि १९० कॅलरी एकाच टाइपात, एकाच ऐटीत छापतं. त्यातलं एक जवळजवळ माप आहे आणि एक जवळजवळ भविष्य, हे बाबांना कळणार कसं? '१४० ते २४०' असं दाखवायला पडद्यावर जागा आहे. पण तसं दाखवलं तर ग्राहकाला घड्याळ कमी हुशार वाटेल.

झोप, आणि दहा हजारांची गोष्ट

झोपेचंही हेच. खरी अवस्था ओळखायला डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघतात. घड्याळ बघतं फक्त हालचाल आणि नाडी. म्हणून झोप लागलेली ते बऱ्यापैकी ओळखतं, पण छताकडे बघत निश्चल पडलेल्या माणसालाही झोपलेला धरतं. रात्रभर तळमळणाऱ्याला थोडं न्याय्य, शांतपणे काळजी करणाऱ्यावर अन्याय! झोपेचा गुण सुधारण्याच्या चिंतेने झोप उडालेल्या रुग्णांवर २०१७ साली डॉक्टरांनी लेख लिहिला आणि त्या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव सुचवलं.

आणि दहा हजार पावलं? तो आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आला नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबत होता. रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून दहा हजार पुरे करणाऱ्या सगळ्या काका-काकूंना हे कृपया वाचून दाखवा.

साखर मोजणारं घड्याळ

मी हे सगळं बाबांना समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मग सरळ साखरच मोजणारं घड्याळ घेऊया. जाहिरात आलीये."

इथे मात्र मी हसले नाही. सुई न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर चिकटवायचा, कातडीखाली बारीक तार जाणारा सेन्सर वेगळा. त्याचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण तो घड्याळाने मोजलेला नसतो. खोट्या आकड्यावर कुणी इन्सुलिनचा डोस ठरवला तर काय होईल, हे मला लिहायलाही नको वाटतं.

मग घ्यावं की नाही?

घ्या. पण आकड्यांना उतरंड लावा. बसल्या जागीची नाडी: विश्वास ठेवा, आणि एका दिवसापेक्षा महिन्याभराचा कल बघा. पावलं: कालच्या आपल्याशी तुलनेपुरती ठीक, शेजाऱ्याशी नको. झोपेचे तास: साधारण. झोपेच्या अवस्था: करमणूक. कॅलरी: त्यावर खाण्याचा निर्णय घेऊ नका, कधीच नको. आणि छातीत दुखत असताना घड्याळ 'सगळं ठीक' म्हणत असेल, तर घड्याळ बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

बाबांच्या घड्याळाच्या दर्शनी पडद्यावरून मी कॅलरी काढून टाकल्या. तिथे आता पावलं आणि नाडी एवढंच आहे. पहिले दोन दिवस ते रुसले. तिसऱ्या दिवशी फोन आला, "अगं, आज सहा हजार झाली. जिलबी नाही खाल्ली." मागून आईचा आवाज आला नाही, म्हणजे खरं असावं. पुढचा रिपोर्ट मेमध्ये आहे. त्या आकड्याखाली लॅब आपली पद्धत आणि मर्यादा छापते. तेवढं तरी घड्याळाने शिकावं.

तुमच्याकडे असं घड्याळ असेल तर एक करा. सपाट रस्त्यावर हजार पावलं तोंडाने मोजा, मग ओट्याशी उभं राहून दहा पोळ्या लाटा. काय आकडे येतात ते मला कळवा. घड्याळाचं मॉडेल आणि घड्याळ कोणत्या हातावर होतं, तेही लिहा.