पूल पडला, वस्ती उठली

नगररचनेवरील लेखनात ओकलंडच्या मंडेला पार्कवेचे कौतुक मी अनेकदा वाचले आहे. भूकंपाने मोडलेला दुमजली महामार्ग हटवला, त्या जागी झाडांचा, जमिनीलगतचा रुंद रस्ता आला आणि दुभंगलेली वस्ती जोडली गेली, अशी ती कथा. कथा खोटी नाही. पण ज्यांची ती आहे त्यांनाच वगळून ती सांगितली जाते, माझा आक्षेप त्याला आहे.

हे शहर आपल्याला परके नाही. १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष तिथेच स्थापला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावाचा हात धरून. ओकलंडचा पश्चिम भाग म्हणजे रेल्वेच्या शयनयानांत आणि बंदरावर राबणाऱ्या काळ्या कामगारांची वस्ती. सेव्हन्थ स्ट्रीटवर त्यांची दुकाने होती, गाण्याबजावण्याच्या जागा होत्या, कामगार संघटना होती. १९५७ साली या वस्तीच्या मधोमध काँक्रीटचा दुमजली महामार्ग सुरू झाला. दूरच्या मोटारी डोक्यावरून धावू लागल्या. खालच्यांच्या वाट्याला धूर, आवाज आणि सावली. गावकूस दगडमातीचेच असते असे थोडेच आहे?

१७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी भूकंप झाला. खाली खाडीचा मऊ गाळ, खांबांच्या सांध्यांत पोलाद अपुरे; वरचा मजला खालच्यावर बसला. तिथे ४२ माणसे मेली. शिड्या घेऊन प्रथम धावले ते याच वस्तीतले लोक आणि शेजारच्या कारखान्यांतले कामगार. ज्या रस्त्याने त्यांचे जगणे चिरले, त्याच रस्त्यावरच्या प्रवाशांना त्यांनी हातांनी बाहेर काढले. त्यांच्या शौर्याचे गोडवे सर्वांनी गायिले. पण तीच माणसे ‘हा पूल पुन्हा इथे नको’ म्हणू लागली, तेव्हा मात्र त्यांना झगडावे लागले. अखेर महामार्ग वस्तीला वळसा घालून रेल्वेच्या यार्डाकडून नेला गेला. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. त्या नव्या मार्गाशेजारच्या रहिवाशांनाही १९९३ साली न्यायालयात जावे लागले. जुन्या जागेवरचा रस्ता पुरा व्हायला २००५ साल उजाडले.

आता कौतुकाची बाजू. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मार्ग हलवल्यामुळे या पट्ट्यातील हवेतले नायट्रोजन ऑक्साइड ३८ टक्क्यांनी आणि काजळी २५ टक्क्यांनी घटली. हा विजय आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याच अभ्यासात दिसते की रस्त्यालगतची काळी लोकसंख्या घटली आणि घरांच्या किमती चढल्या. धूर ज्यांनी गिळला, ते स्वच्छ हवा घ्यायला उरलेच किती?

यावर ‘हा बाजाराचा नियम’ असे उत्तर तयार असते. पण हा बाजार आकाशातून पडलेला नाही. १९३० नंतरच्या सरकारी नकाशांत हीच वस्ती लाल रंगाने रंगवून कर्जासाठी धोक्याची ठरवली होती. घर विकत घेण्याच्या वाटा अडवल्या, लोकांना भाडेकरू ठेवले. मग जागेचा भाव वाढला तेव्हा भाडेकरूच्या हाती वाढीव भाड्याखेरीज काय येणार? रस्त्याला नेल्सन मंडेलांचे नाव दिले गेले. तेवढाच ठाम निर्णय भाड्यावर मर्यादा घालण्याचा आणि जुन्या रहिवाशांना तिथेच घरे राखून ठेवण्याचा, पहिले झाड लावण्यापूर्वी घ्यायला हवा होता.